एक ओळ खाली

झापड सरांचा हात आधी यायचा, सर मागून. माझी त्यांची पहिली भेटही हातापासूनच सुरू झाली. विरार पूर्वेच्या आमच्या शाळेत मी रुजू झालो त्या सकाळी स्टाफरूमच्या दारात उभा होतो, कुठे बसावं ते कळत नव्हतं, आणि आत काच फुटली. एका माणसाने टेबलावर तळहात आपटला होता. काचेखालच्या वेळापत्रकावर रक्त ठिबकत होतं, आणि तो माणूस तिकडे ढुंकूनही न बघता आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, विचारत होता, “नऊ वर्सं मी हितं काय माश्या मारल्या?” मोठ्या बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानेही पाहिलं. “हाच का तो बीएड?” तो म्हणाला. त्या दिवसापासून पंचवीस वर्षं सरांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही.

‘झापड सर’ हे नाव मुलांनी ठेवलेलं. खरं नाव मस्टरवर होतं आणि तिथेच राहिलं. पालकसुद्धा ऑफिसात येऊन “झापड सर आहेत का?” असं विचारायचे आणि शिपाई सरळ वर्गाकडे बोट दाखवायचा. सर गास गावचे. वडील खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होते आणि शाळा सुटली की सरही तिकडेच जायचे. मिठाचं फावडं ओढून ओढून तळहात असा झाला होता की त्यावर छडी मोडली तरी त्यांना कळलं नसतं. शिकवायचे गणित. फळ्यापाशी असले की भाषा इतकी शुद्ध, की नव्या माणसाला वाटावं सर पुण्याचे. राग आला की मात्र घरची बोली बाहेर पडायची. बाहेर उभं राहून नुसता आवाज ऐकला तरी आत आता काय होणार याचा अंदाज मला यायचा.

त्या पहिल्या दिवशीच्या त्यांच्या रागाचं कारण मी होतो, आणि माझा त्यात काडीचा दोष नव्हता. शाळेत कोण कुणाहून मोठा हे वयावर ठरत नाही, पांढऱ्या केसांवर तर नाहीच. आमच्यासारख्या अनुदानित शाळेत शिक्षकांची एक सेवाज्येष्ठता यादी असते. पदवी आणि बी.एड. ही दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन तुम्ही ज्या दिवशी मस्टरवर आलात, त्या दिवशी या यादीत तुमचा जन्म होतो. त्याआधी तुम्ही कितीही घसा कोरडा केलेला असो. सर डी.एड. करून माझ्या नऊ वर्षं आधी नोकरीला लागले होते. पदवी त्यांनी नोकरी सांभाळून घेतली आणि बी.एड. सुट्ट्यांतून चाललं होतं. मी बी.एड. होऊनच आलो. त्यांचा निकाल मी रुजू झाल्यावर दहा महिन्यांनी लागला. म्हणून चोवीस वर्षांचा मी यादीत वर, आणि दहावीच्या नऊ बॅचेस पार केलेले सर माझ्या एक ओळ खाली.

खरं तर हा निकाल एक वर्ष आधीच लागायचा. सर परीक्षेला बसलेही होते. शेवटच्या पेपराला त्यांच्या पुढच्या बाकावर एक शिक्षिका होती, आठव्या महिन्यातली गरोदर. तिने बाहेर जायची परवानगी मागितली. पर्यवेक्षक सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाला, “एवढं होतं तर घरी बसायचं.” सर उठले. उत्तरपत्रिका बंद केली, पेनाला टोपण लावलं आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो दोन बाकांच्या मधे आडवा झाला. त्या बाई बाहेर जाऊन आल्या आणि त्यांचा पेपर पूर्ण झाला. सरांची परीक्षा रद्द झाली. ही हकीकत त्यांनी मला स्वतःच सांगितली. मी विचारलं, “सर, पश्चात्ताप होतो का?” तर म्हणाले, “होतो ना. टोपन लावन्यात टाइम गेला. तेवड्यात अजून एक बसली असती.”

आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या यादीप्रमाणे मांडलेल्या असत. कुणी कधी तसं ठरवलं नव्हतं, पण मोडायची हिंमतही नव्हती. पंख्याखालची खुर्ची पहिल्याची, तिच्या डावीकडची दुसऱ्याची, आणि सगळ्यात नव्याची दाराशी, जिथे येणारा-जाणारा पाठीला धक्का मारून जातो. चहासुद्धा त्याच क्रमाने यायचा. वरचे निवृत्त होत गेले तसे आम्ही दोघे पंख्याकडे सरकत गेलो, मी पुढे आणि ते मागे. एकदा चित्रकलेचे नवे शिक्षक चुकून माझ्या खुर्चीवर बसले. मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं, मी उभ्यानेच चहा पीत होतो. सर आले, त्यांनी पाहिलं, आणि शिक्षकासकट खुर्ची उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. परत येऊन मलाच दरडावलं, “तू उबा का राहिलास? तुझी जागा तू सोडलीस, तर उद्या माझी कोन मानील?”

दर वर्षी यादी फिरायची. सगळ्यांनी वाचून आपापल्या नावापुढे सही करायची. मी सही करून कागद पुढे सरकवला की सर आधी माझ्या सहीकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग इतका जोर देऊन सही करायचे की निबाचं टोक कागदातून आरपार जाऊन खालच्या टेबलावर उमटायचं. शेजारी बारीक अक्षरात लिहायचे, ‘मान्य नाही. नियमाप्रमाणे बरोबर आहे.’ ही दोन वाक्यं एकाच माणसाने एकाच ठिकाणी लिहावी याचं मला हसू यायचं. एकदा मी तसं बोललो. त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला भिंतीपर्यंत नेलं. “नियम चुकीचा हाय म्हनून मी शिव्या घालतो. पन पाळतो. आपल्यासारक्याकडं दुसरं काय हाय रे? वशिला नाय, पुढारी नाय. यादी हाय. ती गेली की कोनीपन येऊन डोक्यावर बसंल.” मग कॉलर सोडून त्यांनीच ती नीट केली.

आता सांगतो ती गोष्ट त्यांच्यावर माया असूनही सांगायलाच हवी. सर मुलांना मारायचे. त्या वेळी बरेच जण मारायचे, पण म्हणून ते बरं होतं असं मी म्हणणार नाही. आठवीच्या एका मुलाने वर्गात शीळ वाजवली आणि सरांचा हात गेला. मुलाच्या कानातून रक्त आलं. मी शेजारच्या वर्गात होतो. धावत बाहेर आलो तर सर त्या मुलाला खांद्यावर घेऊन फाटकातून पळत चालले होते, खडूने माखलेले हात, शर्टावर त्या पोराचं रक्त. रिक्षासुद्धा थांबवली नाही. सरकारी दवाखान्यापर्यंत तसेच धावले आणि मी मागे.

तिथे डोक्याचे केस पिकलेले एक डॉक्टर होते. त्यांनी कान तपासला, औषध घातलं, पण कागदावर सही करेनात. “सही मोठ्या डॉक्टरांची लागेल,” म्हणाले. थोड्या वेळाने मोठे डॉक्टर आले. मिसरूड फुटल्यासारखा दिसणारा तरुण. सर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. पिकल्या केसांचे डॉक्टर थकल्यासारखे हसले. ते तात्पुरत्या नेमणुकीवर अकरा वर्षं काम करत होते आणि ती अकरा वर्षं कुठेच धरली गेली नव्हती. तरुण डॉक्टर परीक्षा देऊन कायम म्हणून दोन वर्षांपूर्वी आला होता. “म्हंजे तुमच्याकडंपन हेच?” सरांनी विचारलं. “सगळीकडे हेच, सर,” डॉक्टर म्हणाले. 

मुलाचे वडील फुलपाड्यात राहायचे, रिक्षा चालवायचे. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळी शाळा मैदानात उभी असताना सरांनी त्यांना पुढे बोलावलं आणि म्हणाले, “मारा.” त्या माणसाने हात जोडले, “जाने दो सर, लडका ठीक है, जाऊ द्या.” सर म्हणाले, “मी हात टाकला तेव्हा जाऊ दिलं का? मारा.” त्याने एक मारली, हलकीशी. सर म्हणाले, “ही नाही.” मग त्याचा बांध फुटला. तो मारत सुटला, आधी हाताने, मग मुठींनी, आणि मारता मारता रडायला लागला. सरांचा ओठ फाटला, चष्मा मातीत गेला. आम्ही धावलो तर सरांनी हात वर करून आम्हाला अडवलं. महिन्याभराने मुलाला ऐकू यायला लागलं. सरांनी त्यानंतर कुठल्याही पोराला बोट लावलं नाही. राग मात्र होता तेवढाच राहिला आणि तो कपाटांवर, दारांवर, फळ्यावर निघू लागला. आमच्या शाळेतलं एकही कपाट सरळ बंद होत नाही, ते त्यामुळे.

नंतरच्या मोठ्या बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा खरा प्रश्न आला. यादीत पहिला मी होतो, म्हणजे खुर्ची माझी. दुसरे सर. त्यांची दोनच वर्षं उरली होती आणि माझी नऊ, म्हणजे मी बसलो तर त्यांच्या नशिबात मुख्याध्यापक होणं नव्हतं. तिसऱ्या क्रमांकावर आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींची सून होती. ती बिचारी भली बाई, तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. पण सेक्रेटरींनी मनावर घेतलं होतं. ते बांधकामवाले, मनावर घेतलं की मधे जे येईल ते पाडायची सवय. यादी त्यांना पाडता येत नव्हती. वरच्या माणसाने स्वखुशीने लेखी नकार दिला आणि शिक्षणाधिकाऱ्यांसमोर जाऊन तोंडाने कबूल केला, तरच खालच्याचा नंबर लागतो. म्हणजे त्यांना दोन नकार हवे होते, आधी माझा आणि मग सरांचा.

बोळिंजला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका संध्याकाळी तिघे जण माझी वाट बघत होते. एकाने मित्रासारखा माझ्या गळ्यात हात टाकला आणि तो काढलाच नाही. दुसऱ्याने माझंच हेल्मेट घेऊन माझ्या स्कूटरचा दिवा फोडला, मग एक आरसा, मग दुसरा, अगदी सावकाश, नारळ फोडावेत तसे. तिसरा मोबाइलमध्ये बघून मला माझ्या मुलीच्या क्लासची वेळ सांगत होता, तिच्या बॅगेचा रंग, ती ज्या गल्लीने येते ती गल्ली. मला कुणी बोटही लावलं नाही. ते आता मारतील म्हणून मी उभा होतो आणि ते मारत नव्हते. जाताना त्यांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि वर “गुड नाइट, सर” म्हणाले. सकाळी मी नकारपत्र लिहिलं आणि संस्थेच्या ऑफिसात देऊन आलो.

सरांकडेही गासला माणसं गेली होती. त्याबद्दल ते एवढंच म्हणाले, “दोघं आले व्हते. एक चालत गेला, एक रिक्षात.” मोठ्या सुट्टीत मी त्यांना माझ्या पत्राचं सांगितलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. मी म्हणालोसुद्धा, “सर, आता खुर्ची तुमची. पंचवीस वर्षांनी का होईना.” त्यांनी डबा बंद केला. पुढचं मला कळलंच नाही. मी जमिनीवर होतो, तोंडात रक्ताची चव होती, आणि सर माझ्यावर वाकून ओरडत होते, “पंचवीस वर्सं मी तुझ्या खाली सही केली ती याच्यासाटी? तू घाबरलास म्हनून मी खुर्चीवर बसू? भीक हाय ती, ज्येष्ठता नाय!” सगळी स्टाफरूम उभी राहिली होती. मी म्हणालो, “सर, माझी मुलगी आहे हो.” ते थांबले. खाली बसले, माझ्या शेजारी, फरशीवर. म्हणाले, “मना पन हाय. दोन हायत. उद्यापास्न तुझ्या पोरीला क्लासातून मी आनीन.” आणि त्यांनी आणलं, रोज, पुढचे बारा दिवस. माझी मुलगी म्हणायची, सरकाका रस्ताभर एक शब्द बोलत नाहीत, नुसते मागे-पुढे बघतात.

तेराव्या दिवशी मला पालघरला शिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं होतं. पत्र तर देऊन झालं होतं, आता फक्त तोंडाने ‘हो’ म्हणायचं बाकी होतं. सर त्यांच्या स्कूटरवरून मला घेऊन गेले. वाटेत म्हणाले, “मी शिकवनार नाय काय बोलायचं ते. हो बोललास तरी तुला परत घेऊन येईन.” कार्यालयाच्या व्हरांड्यात सेक्रेटरींचे पाच जण होते, त्यांत पार्किंगमधले तिघे. माझं नाव पुकारलं गेलं. त्या तिसऱ्याने मला वाट देता देता मोबाइल वर धरला आणि माझ्या मुलीचा फोटो दाखवला. मी आत पाऊल टाकलं आणि पाठीमागे पहिला आवाज झाला. तो सरांच्या हाताचा होता. पंचवीस वर्षं ऐकलेला आवाज, तो मी ओळखणार नाही?

दार बंद झालं. शिक्षणाधिकारी बाई होत्या, पहिलीच भेट. त्यांनी माझं पत्र समोर घेतलं. बाहेर काहीतरी जड पडलं, बहुधा बाकडं. कुणीतरी आईवरून शिवी दिली. बाईंनी बेल वाजवली, शिपाई बाहेर धावला, दार उघडलं तेव्हा क्षणभर दिसलं की सर भिंतीला पाठ लावून उभे आहेत, हातात मोडलेल्या बाकड्याचा पाय, कपाळावरून रक्त, आणि समोरच्या एकाच्या हातात लोखंडी सळी. दार पुन्हा लागलं. बाईंनी विचारलं, “हा नकार तुम्ही स्वखुशीने देत आहात का?” बाहेर एक आवाज झाला, ओली फांदी मोडावी तसा, आणि त्यामागून सर ओरडले. सर ओरडले म्हणजे दुखून ओरडले. असं ओरडणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, “नाही. हे पत्र मी घाबरून लिहिलं. मला मुख्याध्यापक व्हायचंय.” बाईंनी तसं लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली, आणि मगच मी बाहेर पळालो.

सरांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता, कपाळाला टाके पडले. त्या पाचांतल्या एकाचं नाक गेलं, एकाचे पुढचे दात. पोलिसांनी विचारलं, पहिला हात कुणी टाकला. मी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, “मी.” फोटोचं का नाही सांगितलंत, असं मी नंतर चिडून विचारलं, तर म्हणाले, “पोरीचं नाव पोलिसाच्या कागदावर नको.” हे ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो. सेक्रेटरींना सरांवर कारवाईसाठी हवं होतं ते कारण आयतं मिळालं. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, मी खुर्चीवर बसलो, आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर संस्थेकडून सरांच्या निलंबनाचा आदेश आला. त्यावर मुख्याध्यापक म्हणून माझी सही हवी होती.

मी कागद घेऊन गासला गेलो. सर ओट्यावर बसले होते, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी म्हणालो, मी सही करणार नाही, राजीनामा देतो. ते डावा हात उगारून उठले आणि तोल जाऊन पुन्हा बसले. “राजीनामा दे. तुझी जागा रिकामी, मी निलंबित. मंग कोनाचा नंबर? सांग, गनित तू शिकवत नसलास तरी एवडं येतंय ना?” नंबर सेक्रेटरींच्या सुनेचा होता. “मंग माझा हात कशाला मोडला?” ते म्हणाले. सरांच्या पत्नींनी पाणी आणलं होतं. त्या पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी त्या ओट्यावर, त्यांच्यासमोर सही केली. मग आदेश मिळाल्याची पोच हवी होती. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्याने त्यांना कधी रेघही मारता येत नव्हती. सोबत आलेल्या क्लार्कने मान खाली घालून पिशवीतून शाईचा पॅड काढला. चौतीस वर्षं पोरांना सही करायला शिकवलेल्या माणसाने माझ्यासमोर डावा अंगठा उठवला. मला वाटलं ते पॅड भिरकावतील. त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि विचारलं, “नववीला गनित कोन घेतो आता? त्याला सांग, पोरं भूमितीत कच्ची हायत.”

हात भरून आला नाही. सरांना साखरेचा आजार होता आणि पथ्य त्यांनी जन्मात पाळलं नव्हतं. हाडाला बसवलेली आतली पट्टी काढली, पुन्हा घातली, जखम चिघळत गेली. दोन वर्षांनी निवृत्तीचा दिवस निलंबनातच आला आणि गेला, ना नारळ, ना शाल, ना भाषण. मी शाळेत ठेवलेला निरोपाचा कार्यक्रम संस्थेने होऊ दिला नाही. मी दर रविवारी जायचो. ते शाळेतला एकेक वर्ग विचारायचे, आणि मी कुणापुढे नमलो असं वाटलं तर डाव्या हाताने ओट्याच्या खांबावर मुठी मारायचे. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला फार राग आला होता, त्यांच्यावर, सेक्रेटरींवर, आणि सगळ्यात जास्त त्या सकाळी पत्र लिहिणाऱ्या माझ्या स्वतःच्या हातावर. तो राग अजून गेलेला नाही.

तेरावं झालं त्याच आठवड्यात चौकशी समितीचं पत्र शाळेत आलं. निलंबित कर्मचाऱ्यास सुनावणीस हजर ठेवावे, असं. मी मृत्यूचा दाखला घेऊन स्वतः गेलो. समितीचे प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापक होते, सभ्य माणूस. त्यांनी दाखला वाचला, चष्मा काढला, “वाईट झालं” म्हणाले आणि शेवटचं पान पुढे ओढलं. त्यावर ‘दोषी व्यक्ती’ असा रकाना होता आणि त्यात क्रमांक घातलेले होते. एक क्रमांकापुढे सरांचं नाव टाइप केलेलं. खाली जागा रिकामी.

मी म्हणालो, “माझा जबाब घ्या.” ते म्हणाले, माणूस गेला की चौकशी बंद होते, आता जबाबाची गरज नाही. मी म्हणालो, “पहिला हात सरांचा होता, ते खरं आहे. पण घाबरून पत्र मी लिहिलं होतं. मी ते लिहिलं नसतं तर त्या दिवशी तिथे कुणी गेलंच नसतं. इथे नावं लिहायची तर माझं वर लिहा आणि त्यांचं खाली. तुम्ही जन्मभर शाळेत काढलात, तुम्हाला हे सांगायला नको. मी त्यांना सीनियर आहे.”  त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी पेन उचललं नाही. “सर,” ते म्हणाले, “असं लिहिता येत नाही हो.” दाखला फाईलला लावून त्यांनी नाडी बांधली.

सबंध नोकरीत कुठल्याही यादीत सरांचं नाव पहिलं आलं ते त्या पानावर. त्यांच्या वर कुणीच नव्हतं.